नदीपलीकडची शीव

आमच्या गावात मला सगळे ओळखतात आणि तरीही विचारतात, "तुम्ही पलीकडचे ना?" पलीकडचे म्हणजे ट्रेंट नदीच्या पलीकडचे, त्यात वाईट काही नाही, असं माझी बायको म्हणते. ती माणसांचे शब्द ऐकते. मी बोलणाऱ्याचं तोंड बघतो.

गाव लहान आहे. नॉटिंगहॅमहून नदीबरोबर खाली निघालं की लाल मातीची एक उंच दरड लागते. दरडीवर चर्च, चर्चखाली एकच मोठा रस्ता, आणि तो रस्ता संपतो नदीच्या धक्क्यावर. एके काळी इथे बोटींतून कोळसा उतरायचा आणि बार्ली चढायची. बार्लीला मोड आणून भाजायच्या लांबलचक इमारती अजून उभ्या आहेत. आता त्यांत फ्लॅट झालेत आणि फ्लॅटमध्ये लंडनला कंटाळलेले लोक राहतात. रेल्वे आली ती गावाला वळसा घालून गेली, आणि धक्का ओस पडला. समोरच्या काठावर सपाट कुरण आहे, पुराला पसरायला मोकळं ठेवलेलं. कुरणाच्या जराशा उंच टोकाला जुनी वीटभट्टी. गावातली निम्मी घरं तिथल्याच विटांची आहेत. ती जागा माझी, घरही तिथेच.

भट्टी कधीच थंडावली. तिथल्या यार्डात मी पाडलेल्या घरांचं सामान विकतो: ओकचे वासे, दगडी कौलं, बिजागऱ्यांसकट दारं, लोखंडी पायांचे बाथटब. या देशात आलो तो हॉस्पिटलात पेशंट इकडून तिकडे नेणारा पोर्टर म्हणून. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात डॉक्टर मंडळी विचारायची, "कुठलं डिपार्टमेंट?" मी सांगायचो, "ढकलण्याचं." मग एक जुनी व्हॅन घेतली आणि लोकांनी टाकून दिलेली दारं लोकांनाच विकायला लागलो. घासाघीस मी कराडच्या बाजारात आईच्या मागे फिरून शिकलो होतो. भाव ऐकला की आधी हसायचं, मग चालू लागायचं, आणि मागून हाक आल्याशिवाय वळायचं नाही.

आता माझी तक्रार. दर मे महिन्यात आमच्या गावात शिवेची फेरी निघते. पूर्वी नकाशे नव्हते, तेव्हा गावची हद्द लोकांच्या लक्षात राहावी म्हणून सगळे मिळून ती चालत, आणि वाटेतल्या प्रत्येक खुणेच्या दगडावर काठ्या आपटत. अजूनही आपटतात. पण फेरी धक्क्यापर्यंत येते, नदीकडे बघते आणि वळून पबमध्ये जाते. जणू गाव तिथेच संपलं.

ते तिथे संपत नाही. माझा कौन्सिल टॅक्स याच गावात जातो. पहिल्या पुरात मी बघितलं, पाणी समोरच्या नदीतून आलं नाही, यार्डाच्या मागून आलं. मागे बोरूची आणि लव्हाळ्यांची एक वाकडी खोलगट पट्टी आहे, कोयत्यासारखी वळलेली. कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. नदी आधी तिथून वाहायची. कधीतरी एका पुरात तिने वळणाची मान कापली आणि सरळ वाट धरली. वीटभट्टी होती तिथेच राहिली, फक्त अलीकडची पलीकडे झाली. आमच्याकडे नदी अशी सरकली की मळईच्या, गाळाच्या जमिनीवरून भाऊ भाऊ कोर्टात जातात. इथे कुणी ब्रही काढला नाही.

हे सगळं मी वर्षानुवर्षं मनात घोळवत बसलो असतो. पण लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला राहणाऱ्या माझ्या मेव्हणीने तिच्या शेजारचं घर विकायला निघाल्याचं कळवलं. आजूबाजूला मराठी माणसं, वाणसामान पायाखाली, जिने नाहीत. बायको म्हणाली, "अहो, यार्ड विका आता. इथे आपल्याला विचारतं कोण?"

त्याच सुमारास गावाच्या कमिटीने धक्क्यावर नवा फलक लावायचं ठरवलं. फेरीची वाट त्यावर कायमची कोरली जाणार होती. मी बायकोला म्हटलं, "रेष आपल्या दारापर्यंत आली तर राहायचं. नाही आली तर स्टॅनमोर."

"आणि मग कुरकुर नाही?"

"नाही."

"लिहून द्या," ती म्हणाली आणि हसली.

कमिटीची बैठक चर्चच्या हॉलमध्ये होती. बायकोही आली होती. अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. मी नदीची गोष्ट सांगितली तेव्हा वाटलं होतं, सगळे थक्क होतील. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, ते माहीत आहे. पूर्वी नावेतून पलीकडे जात. नाव बंद झाली आणि पुलावर फुटपाथ नाही."

"म्हणजे माहीत असून आम्हाला गावाबाहेर काढलंत?"

"काढलं नाही. राहून गेलं."

माझं डोकं फिरलं. "नदी सरकली, मी नाही!" मी टेबलावर हात आपटला. चहाचे कप हलले.

पबवाला मागे बसला होता. आमच्या भागात सगळेच सगळ्यांना 'डक' म्हणतात, तसा तो म्हणाला, "डक, तुझ्या काठावर उतरलो तर भाडं घेशील."

"जाताना नाही घेणार. परत येताना घेईन."

हशा झाला. मला वाटलं, गिऱ्हाईक मऊ झालं. मी भाव टाकला: रोइंग क्लबची होडी आणा, माझ्या काठावरचा मोडका धक्का मी माझ्या ओकने बांधून देतो, चहा-बिस्किटं वर. बाई म्हणाल्या, "विचार करावा लागेल." हा भाव पाडायचा सूर मला पाठ आहे. मी कोट उचलला, "राहू दे मग," म्हणालो आणि दाराकडे चालू लागलो. हळूच.

हाक आली नाही.

दार उघडलं, तरी नाही. बाहेर आलो. बारीक पाऊस पडत होता. आतून बाईंचा आवाज आला, "पुढचा विषय, फुलांच्या कुंड्या." या लोकांना वाटलं, मला खरंच जायचंय! कराडच्या बाजारातला कुठलाही भाजीवाला यांच्यापेक्षा शहाणा. परत आत जाणं शक्य नव्हतं आणि गाडीची किल्ली बायकोच्या पर्समध्ये होती. बायको आत, चहा पीत.

बऱ्याच वेळाने पबवाला बाहेर आला. "चल आत, डक. तुला हाक मारायची असते असं तुझी बायको सांगतेय. कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तिने ठरवून टाकलंय सगळं."

ठरवलं म्हणजे काय केलं? फलकावरची रेष आमच्या दारापर्यंत, होडी क्लबची, धक्का आमचा, इथवर ठीक. पण जुन्या रिवाजाप्रमाणे शिवेच्या शेवटच्या दगडापाशी ज्याचं घर, त्याने सगळ्या फेरीला जेवू घालायचं. हे बाईंनी काढलं आणि बायकोने मान्य केलं. मी बिस्किटांवर आटपत होतो!

"तुम्ही भांडायचं आणि मी तळायचं," गाडीत बायको म्हणाली. "पण बाईंना बटाटेवडे चालतात का विचारलं, तर म्हणाल्या, 'आम्हाला कधी कुणी बोलावलंच नाही.' काय सांगायचं होतं मी? इतकी वर्षं आपणही कुठे बोलावलं?"

मी वायपर चालू केले.

मे महिन्यात दोन खेपांत होडी आली. ऊन होतं. मी बांधलेल्या धक्क्यावर गाव एकेक करून उतरलं, काही जण आयुष्यात पहिल्यांदाच. लोक जुन्या नदीच्या कोरड्या वळणातून चालले, लव्हाळी बाजूला सारत, आणि बाई सांगत होत्या की आपण आत्ता नदीच्या तळातून चाललोय. लंडनवाले फोटो काढत होते. कुंपणापाशी वाळक्या गवतात शेवटचा दगड निघाला. मी त्यावर कित्येक वर्षं बाथटब उपडे घालत होतो.

बाई म्हणाल्या, "रिवाज असा आहे की दगडापाशीच्या घरात सगळ्यात नवा जो असेल, त्याला या दगडावर टेकवायचं. म्हणजे शीव त्याला विसरत नाही."

मी कोट काढला आणि पुढे झालो.

"तुम्ही आधी आलात की मिसेस?"

"मी. ही वर्षभराने आली."

"मग मिसेस."

बायकोने साडीवर चिखलात घालायचे वेलिंग्टन बूट घातले होते. पबवाल्याने एका बाजूने, बाईंनी दुसऱ्या बाजूने धरून तिला दगडावर टेकवलं, उठवलं, पुन्हा टेकवलं. सगळे काठ्या आपटत होते. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. भांडलो मी, पावसात उभा राहिलो मी, आणि दगडावर ही. मी बाईंना म्हटलं, पुढच्या वर्षी माझी पाळी. त्या म्हणाल्या, "तुम्ही आता जुने झालात. नियम नियम आहे." याबद्दल कमिटीशी माझं अजून चालू आहे.

वडे पुरले नाहीत. संध्याकाळी बायको कढई घासता घासता खांद्याला फोन लावून मेव्हणीशी बोलत होती.

"नाही गं, त्या घराचं नाही म्हणून कळव. अगं, तूच ये ना पुढच्या मे महिन्यात. एकटीने कुठे होतंय एवढं? गावजेवण आहे आमच्याकडे."