प्रमुख पाहुण्यांचा अल्प परिचय

नेदरलँड्समधल्या कोंबड्यांना माझ्यामुळे आणखी काही वर्षं अवघडून बसावं लागलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही टेक्सासमधल्या प्लेनोत नवे होतो आणि मी तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होतो. (दुसरं कुणी तयार नव्हतं!) गणपतीचा कार्यक्रम दोन दिवसांवर आला आणि ह्यूस्टनहून येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांनी फोन करून येणं कॅन्सल केलं. माझी झोप उडाली. आता प्रमुख पाहुणे आणायचे कुठून? अशात कुंपणापाशी शेजारची डच बाई, आनेके, भेटली. तिचा भाऊ हेंक आला होता हॉलंडहून. तिकडे पार्लमेंटमध्ये असतो म्हणाली.

मी ओरडतच घरात शिरलो. "सुनंदा! आपल्या शेजारी खासदार उतरलाय!"

"मग?" बायको म्हणाली. "त्याला गणपतीतलं काय कळतंय?"

"प्रमुख पाहुण्यांना काही कळावं लागतं, असं कोण म्हणालं?"

हेंक उंच, शांत आणि अतिशय सज्जन निघाला. त्याची अडचण एकच होती. कार्यक्रमाच्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी त्याचं विमान होतं आणि सोमवारी दुपारी तिकडे पार्लमेंटात मतदान. पिंजऱ्यातल्या कोंबडीला निदान मागे वळता येईल एवढी जागा मिळावी, असं विधेयक त्याने स्वतः मांडलं होतं. कित्येक वर्षं तो त्यामागे लागला होता.

"एका मतावर लटकलंय," तो म्हणाला. "आणि ते मत बहुतेक माझंच आहे. दहा मिनिटं येतो, मग थेट एअरपोर्ट."

"मी सोडतो की!" मी म्हणालो आणि रविवारी त्याच्या बॅगा माझ्याच डिकीत टाकल्या.

आता, पाहुणे म्हटले की त्यांचा परिचय आला. तो मी करून देणार होतो. आनेकेकडून सगळी माहिती काढली होती: हेंक लहानपणी कालव्यात पडला होता, पुढे घरोघरी दूध टाकायचा, गावच्या पहिल्या निवडणुकीत आपटला, मग पार्लमेंटात गेला आणि पहिल्याच भाषणात त्याला ठसका लागला. यातलं गाळणार काय? ठसक्यासकट सगळं घेतलं.

शाळेचं कॅफेटेरिया भरलं होतं. हेंकला शाल घातली, नारळ दिला, मोठा हार घातला. एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला मंडळाचे अध्यक्ष बापटकाका. बिचाऱ्याला खुर्चीत मागे वळायलाही जागा नव्हती. मी माइक घेतला.

हेंक कालव्यातून बाहेर येईपर्यंतच दहा मिनिटं झाली. शेवटच्या रांगेतून सुनंदा हात उंच करून मनगट दाखवत होती. नव्या बांगड्या होत्या. छान दिसत होत्या. मी मान डोलावली आणि दुधाकडे वळलो.

हेंक घड्याळाकडे बघायला लागला. मग दाराकडे. मग पुन्हा घड्याळाकडे. त्याचा एक पाय सारखा हलत होता. वक्ता रंगला की पाहुणेसुद्धा ताल धरतात, असं मला वाटलं! शेवटी ठसका संपला, टाळ्या झाल्या आणि हेंक ताडकन उठला. बापटकाकांनी त्याला खांदा धरून बसवलं.

"थांबा!" मी म्हणालो. "हे सगळं मराठीत झालं. पाहुण्यांना आपला परिचय कळला पाहिजे ना!"

आणि मी इंग्लिशमध्ये पुन्हा कालव्यापासून सुरुवात केली.

ठसक्यापाशी दुसऱ्यांदा पोहोचतोय तोच माझी दहा वर्षांची मीनल स्टेजवर आली आणि माइकमध्येच म्हणाली, "डॅड, ही इज गोइंग टू मिस हिज फ्लाइट!"

मी घड्याळ बघितलं. "हेंक, चल!" त्याचा हात धरून मी धावत सुटलो. पाठोपाठ बापटकाका. "अरे, प्रसाद! प्रसाद घेतल्याशिवाय पाहुणे कसे जातील?" हार घातलेला हेंक नारळ पोटाशी धरून गाडीत बसला. खिडकीतून आत आलेले मोदक त्याच्या मांडीवर पडले. हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. मी हॉर्न वाजवत होतो, लेन बदलत होतो, सॉरी म्हणत होतो. हेंक मांडीवरचे मोदक एकेक करून डॅशबोर्डवर मांडत होता. मला तेच सहन होईना.

एअरपोर्टच्या काचेतून आम्ही दोघांनी विमान जाताना बघितलं. पुढच्या विमानाने तो मतदानानंतर पोहोचणार होता.

सोमवारी सकाळी त्याने आमच्याच स्वयंपाकघरातून फोन लावला, आणि ऐकता ऐकता खाली बसला. विधेयक एका मताने पडलं होतं. मला अक्षरशः रडू आलं. हेंकने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पुन्हा मांडीन," तो म्हणाला. "आणि माझी सगळी माहिती आता तुला आहे. पुढच्या निवडणुकीत भाषणाला ये. फक्त माझ्या विरोधकांच्या बाजूने बोल."

त्यानंतर काही महिन्यांनी मी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो आणि एका मताने पडलो. सुनंदाच्या!

"अहो, मत द्यायलाच आले होते मी," ती म्हणाली. "पण आधी उमेदवारांचा परिचय होता. तुम्ही बोलायला उभे राहिलात, म्हणून जरा गाडीत जाऊन पडले. जाग आली तेव्हा निकाल लागला होता."