जिनिंगमधली चूल

या, अशा जवळ बसा. भरीत निवत चाललंय आणि तुम्ही आपले छताचे फोटो काढताय, याला काय म्हणावं? खा. खाता खाता चाचांची गोष्ट ऐका.

फाटकातून कुणीही आत आलं की चाचा तळहात पुढे करायचे. "आधी काडीपेटी." हे कापसाचं जुनं जिनिंग, सरकी-रुई वेगळी करायचा कारखाना; चाचा इथले जन्माचे फिटर. जिनिंग बंद पडून वर्षं झाली, तरी हात पुढे. जिनिंगच्या मालक शेठजींच्या सुनेने इथं हॉटेल काढायचं ठरवलं, दगडी भिंती घासायला माणसं लावली, तेव्हा तिच्यापुढेही तोच हात. तिने निमूट पर्स उघडून दाखवली.

मला तिने नेमलं ते भरितासाठी. वांगं मी कपाशीच्या काड्यांवरच भाजते. ती म्हणाली, "अक्का, मधल्या हॉलमध्येच भाजा, गिऱ्हाइकांना दिसू दे." मी हरखलेच. चाचा मात्र शिडी चढले, हॉलच्या तुळईमागून मूठभर काळपट रुई काढली, अंगणात घमेल्यात ठेवली आणि जप्त केलेल्यातलीच एक काडी लावली. भप्पकन सगळं संपलं.

"आठे बठ्ठी रुई शे, अक्का." म्हणजे इथं सगळीकडे रुईच आहे, हॉलमध्ये चूल नको.

"मग काय गॅसवर भाजू?"

"ते तुम्ही जाणा."

उद्घाटनाला आठ दिवस. सून म्हणाली, मग भरीत नकोच. पाटीवर 'अक्कांचं भरीत' असं रंगवलं होतं, ते पुसायला माणूसही सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव पाटीवर आलं होतं हो. मी दोन दिवस चाचांना चहा दिला नाही.

तिसऱ्या दिवशी तेच आले. "रुसून झालं असेल तर चला."

मागे बॉयलरघर. हॉटेलच्या नकाशात तिथं अडगळ ठेवायची होती. चारी बाजूंनी दगड, वर उंच धुराडं.

"इथं रोज आग असायची. एवढी शिकलेली माणसं, धुराडं कशाचं ते कुणी विचारलं नाही."

धुराडं त्यांनी उभं राहून साफ करून घेतलं. काजळीने माखून बाहेर आले आणि म्हणाले, "घ्या, भाजलेलं वांगं."

सून तयार झाली, पाटी पुसायची राहिली. उद्घाटनाच्या सकाळी मी बॉयलरघरात काड्या पेटवल्या. चाचा रस्त्यावर मान वर करून उभे. धूर निघाला तसे रिक्षावाले थांबले.

"जिनिंग सुरू झालं काय, चाचा?"

"झालं."

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते धुळ्याला लेकीकडे असतात. रोज सकाळी फोन येतो. "धूर सरळ जातोय ना?"

"जातोय, चाचा. पण फोनवर काय कळणार तुम्हाला? वांग्यांचा हंगाम आहे तोवर या. लेकीलाही आणा. लवकर या."