ताईंचं तिसरं अक्षर

आमच्या घरात माणसांपेक्षा मशिनींना जागा जास्त. मधल्या खोलीत आमच्या ह्यांनी जमवलेले जुने व्हिडिओ गेम. कॅसेटी काचेच्या कपाटात, आणि मधोमध व्हिडिओ पार्लरमधलं ते नाणं टाकून खेळायचं उभं मशीन. माझ्या नणंदेचा, ताईंचा, बिछाना मात्र जिन्याखाली.

ताई गणवेश शिवायच्या कारखान्यात काज-बटणं करायच्या. पार्लर समोरच होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून ह्या तिथे हजर. पडद्यावर वरून माशा उतरायच्या, त्या टिपायच्या; खेळाला सगळे ‘माशी’च म्हणत. ताईंपुढे कोणाचं चालत नसे. सगळ्यात वरचा आकडा त्यांचा आणि शेजारी तीन अक्षरांत त्यांचं नाव. आमचे हे तेव्हा शाळेत होते. बहिणीच्या नाण्यांवर खेळायचे आणि तिसऱ्या फेरीत मरायचे. अजूनही तिथेच मरतात.

पार्लर बंद पडलं तेव्हा ह्यांनी ते मशीन उचलून आणलं. पण वीज काढली की त्याला मागचं काही आठवत नाही, त्यामुळे ताईंचं नाव गेलं. मग काय, ह्यांना रान मोकळं. तो विक्रम आपलाच म्हणून चारचौघांत सांगत सुटले. पुढे कारखाना बंद होऊन ताई आमच्याकडे राहायला आल्या, तर त्यांच्यादेखत सांगायचे. ताई मूग गिळून गप्प. भावाच्या जिवावर राहायचं, तर दुसरं करणार काय?

परवा ह्यांच्यासारखेच जुन्या खेळांचे वेडे घरी जमले. ह्यांनी पुन्हा तीच टेप लावली. ताई चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, “ते मी केलं होतं रे. निदान माझ्यासमोर तरी नको सांगूस.”

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे हसले. “मग दाखव की खेळून.” त्यांना वाटलं, म्हातारीची फजिती होईल.

सुरुवातीला ताई अडखळल्या. मग हात बसला आणि बघता बघता पाहुणे खुर्च्या सोडून त्यांच्यामागे येऊन उभे राहिले. जुना आकडा कधीच मागे पडला. खेळ संपला आणि पडद्याने नाव विचारलं. ताईंनी पहिलं अक्षर घातलं. दुसरं घातलं. तेवढ्यात ह्यांनी वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं.

“तापलं होतं,” हे म्हणाले. “जुनी वस्तू आहे, जपावी लागते.”

दाढीवाल्या पाहुण्याने चहा उचलला. “पडद्यावर नाव नाही म्हणजे विक्रम नाही,” म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. डोळ्यांनी बघितलं होतं मेल्यांनी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई अजून मशीनचा दांडा धरूनच उभ्या होत्या.

“ताई,” हे अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तुझ्या हातांचे डाग पडलेत बघ त्याच्यावर. जरा फडकं आण.”

ताई फडकं घेऊन आल्या. दांडा, बटणं, काच, सगळं नीट पुसलं, आणि रिकामे कप उचलून आत गेल्या.