पाच सेकंद दाबून ठेवा

चित्रवालीने चाळिशीपर्यंत एका साप्ताहिकात व्यंगचित्रं काढली. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा तिच्याजवळ दोन गोष्टी उरल्या: चार रेघांत माणूस उभा करणारा हात, आणि आईच्या मागे तिच्याकडे राहायला आलेली मावशी. चित्रांवर दोघींचं भागेना, म्हणून तिने सहा महिन्यांचा कोर्स केला आणि ती यूएक्स डिझायनर झाली. म्हणजे काय, हे मावशीला समजावताना ती म्हणाली, वस्तूचं बटण लोकांना पटकन सापडावं हे मी बघते. मावशीने विचारलं, "आणि सापडू नये हे बघणारे वेगळे असतात का गं?" असत. ते वेबसाइटवर वर्गणी बंद करायच्या पानावर काम करत आणि वरच्या मजल्यावर बसत.

तिची कंपनी एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी पांढरी पेटी बनवायची. ती घरात भिंतीवर लावायची. तिच्यावरचं लाल बटण दाबलं की कंट्रोल रूममधली बाई पेटीतून बोलायची आणि गरज असेल तर माणूस पाठवायची. डिझाइनच्या मजल्यावर भिंतभर अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही युजरचं ऐकतो.' प्रत्यक्षात ऐकणाऱ्या सहा बायका तळघरात बसत, कानाला हेडफोन लावून. वरून खाली कोणी फारसं जात नसे.

दर शुक्रवारी चित्रवाली पँट्रीच्या भिंतीवर चार चौकटींची पट्टी लावायची. नायिका 'बटणवाली मावशी'. ती चष्मा सापडेना म्हणून बटण दाबायची, झुरळ दिसलं म्हणून दाबायची, एकदा तर फडक्याने पेटी पुसता पुसता दाबून बसली आणि दाराशी आलेल्या माणसाला म्हणाली, आलाच आहेस तर माळ्यावरचं भांडं काढून दे. लोक चहाचे कप धरून हसत. कंपनीने पट्ट्यांची छोटी पुस्तिका छापली आणि प्रत्येक पेटीबरोबर पाठवली. सोळा वर्षांत साप्ताहिकाने तिचं एकही पुस्तक काढलं नव्हतं.

चाचणीसाठी एक पेटी तिच्या घरीही लागली, न्हाणीघरात, खाली बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी. एका संध्याकाळी ती कामावरून आली तर मावशी न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडलेली, पाय दुमडलेला. बटण तिच्यापासून वीतभर.

"दाबलं का नाहीस?"

"मी काय तुझ्या चित्रातली म्हातारी आहे, उठसूट बटण दाबायला?" मावशी म्हणाली. ती हसत होती, म्हणून चित्रवालीही हसली. पाय मुरगळण्यावर निभावलं होतं. मावशीने हात धरून सांगितलं, तुझ्या मामाच्या कानावर घालू नकोस, तो मला कुठेतरी नेऊन ठेवील. तिने कोणालाच सांगितलं नाही, ऑफिसातही नाही. शुक्रवारी नवी पट्टी लागली. तीत मावशी टीव्हीचा रिमोट समजून बटण दाबत होती.

पुढच्या महिन्यात बैठक झाली. विषय होता, विनाकारण येणारे कॉल. प्रमुखाला सगळे पाठीमागे 'स्लाइडसाहेब' म्हणत, कारण पडद्यावर काही उमटल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. त्याने पडद्यावर आकडे लावले नाहीत, फडक्याची पट्टी लावली. "हा आपला युजर," तो म्हणाला, आणि सगळे खळखळून हसले. ठरलं की बटण सलग पाच सेकंद दाबलं तरच कॉल लागेल. खबरदारी म्हणून दुपारी सहानुभूतीची कार्यशाळा झाली. सगळ्यांनी जाड हातमोजे घातले, तेल फासलेले चष्मे लावले आणि पाच सेकंद बटण दाबून बघितलं. कोणाला काही अडचण आली नाही. हातमोजे थरथरत नाहीत.

खरं काय ते चित्रवालीला माहीत होतं. म्हातारी माणसं बटण दाबत नाहीत. हे तिने स्वतःच्या घरात, ओल्या फरशीवर पाहिलं होतं. पण पडद्यावर तिची रेघ होती आणि प्रमुख तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होता. तिने हसून मान लववली.

कॉल निम्म्यावर आले. मजल्यावर केक कापला गेला.

सात आठवड्यांनी तळघरातली एक बाई पहिल्यांदाच जिना चढून वर आली. तिच्या हातात एका पेटीच्या नोंदीचा कागद होता. पेटी एका निवृत्त बस ड्रायव्हरच्या घरची, हाताला कंप असलेल्या. तो दोन दिवसांनी सापडला. नोंदीत बटण चौदा वेळा दाबलेलं होतं. सगळ्यात जास्त वेळ टिकलेला दाब तीन सेकंदांचा. कागद चित्रवालीच्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "आधी शंभरात सहा कॉल फुकटचे यायचे, मॅडम. सहा. आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

चौकशी लागली. पाच सेकंद कुठल्या अभ्यासावर ठरवले, हे लेखी मागितलं गेलं. स्लाइडसाहेबाने चित्रवालीला बाजूच्या खोलीत नेलं. या वेळी पडद्याशिवाय बोलला. "तू तीन घरांना भेटी दिल्या होत्यास ना? पट्ट्या त्यातून सुचल्या, एवढं लिही. खोटं थोडंच आहे? तुझंही निभेल, माझंही." भेटी तिने दिल्या होत्या. पेटीचे स्क्रू कुठल्या भिंतीत बसतात ते बघायला.

खरं लिहायचं तर मावशीचं पडणं लिहावं लागणार होतं, आणि ते मामाच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नव्हतं. रविवारी सकाळी तिने मावशीला सगळं सांगितलं, ड्रायव्हरपासून. मावशी खिडकीपाशी शेंगा सोलत होती.

"चौदा वेळा?" तिने विचारलं.

"हो."

"मला ती पुस्तिका आठवली होती तेव्हा. त्या बिचाऱ्याला ती आठवली नाही, निदान दाबलं तरी त्याने." मग साली गोळा करत म्हणाली, "लिही. किती वेळ पडले होते म्हणून लिहिणारेस?"

"तासभर."

"दीड तास होते. मी तुला कमी सांगितलं होतं. दीडच लिही."

चौकशी समितीच्या अध्यक्षा एक वयस्क परिचारिका होत्या. त्यांनी चित्रवालीचं एका पानाचं निवेदन दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की अभ्यास झालाच नव्हता, पट्ट्या मनाने काढलेल्या होत्या, आणि काढणारीला खरी गोष्ट त्याच्या उलट आहे हे ठाऊक होतं. स्लाइडसाहेब समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होता.

अध्यक्षांनी विचारलं, "ठाऊक होतं, तर खरी गोष्ट का नाही काढलीत?"

"तिच्यावर कोणी हसलं नसतं," चित्रवाली म्हणाली.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग तळघरातल्या बाईकडे वळून विचारलं, या मावशींसारखे, बटण हाताशी असून न दाबता पडून राहिलेले, असे आणखी किती असतील?

"ते नाही सांगता येणार," ती बाई म्हणाली. "दाबलं तरच नोंद होते."