कुडपणच्या पोरीसाठी तीन वर्षं

भाद्रपदातल्या दुपारी सावित्री नदीवरचा वारा वॉर्डाच्या खिडकीशी रेंगाळतो, तेव्हा स्पिरिटच्या उग्र दर्पात ओल्या घोंगडीचा वास मिसळतो आणि डोंगरातून कुणीतरी उतरलं आहे, हे मान वर न करताही मला कळतं. त्या दुपारी मात्र घोंगडीखाली रुग्ण नव्हता, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक सर्टिफिकेट होतं. डोंगरातल्या कुडपण गावचे धोंडीबा आपल्या लेकीला, सरिताला, घेऊन आले होते. तिला आमच्या महाडच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लावून घ्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तिघींचं काम तेव्हा मी एकटी ओढत होते. एक सिस्टर बदलून गेली, दुसरी आखाती देशात गेली, आणि दोन्ही जागा तशाच रिकाम्या राहिल्या. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून पर्समध्ये ठेवला होता आणि पुण्याला मुलाकडे जाऊन नातवाशी खेळायची स्वप्नं रंगवत होते. खोटं कशाला बोलू, ती पोर दिसली आणि मला माझी सुटका दिसली. मग मी कागद वाचला. वर्षभराचा कोर्स, भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारी कुठलीशी संस्था, आणि मान्यतेचा पत्ताच नाही. या कागदावर तिची नर्स म्हणून नोंदणी होणं शक्य नव्हतं.

दोन म्हशी विकून त्यांनी ती फी भरली होती. माझं डोकंच फिरलं. भरण्यापूर्वी चौकशी करायला काय झालं होतं, म्हणून मी त्या भल्या माणसावर चक्क ओरडले. पण त्यांनी चौकशी केली होती, त्यांच्या रीतीने. म्हैस घेताना माणूस कागद मागत नाही. दात बघतो, कास चाचपतो, समोर धार काढायला लावतो. तसेच ते त्या संस्थेत गेले, मुलींचे स्वच्छ युनिफॉर्म न्याहाळले आणि रक्तदाब मोजायला स्वतःचा दंड पुढे केला.

"बाई, मी दोनदा पट्टा बांधून घेतला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दोनी येळा आकडा सारखाच आला. आनखी काय बघायचं व्हतं?"

मला ओरडल्याची लाज वाटली.

एक वाट होती, आणि ती मीच सरिताला सांगितली. एखाद्या खाजगी दवाखान्यात तिला उद्याच ठेवून घेतलं असतं, पांढरा कोट दिला असता, सिस्टर म्हटलं असतं आणि हातात सुई दिली असती. नर्सच मिळत नाहीत, तर विचारतं कोण?

तिने मान हलवली. "नको बाई. माझ्या हातनं कोन दगावलं तर? मला खरीच सिस्टर व्हायचंय. पुन्ना पयल्यापास्नं शिकते."

पहिल्यापासून म्हणजे प्रवेश परीक्षा आणि मग तीन वर्षं. जवळच्या, मान्यता असलेल्या कॉलेजची फी शिष्यवृत्तीतून बरीचशी भागली असती. हॉस्टेल आणि जेवण मात्र आवाक्याबाहेरचं. त्यांच्या घरी दोनच म्हशी उरल्या होत्या, आणि त्या विकल्या तर चुलीवर काय ठेवायचं? माझ्या क्वार्टरमधली एक खोली मुलगा पुण्याला गेल्यापासून बंद होती. पण क्वार्टर नोकरीसोबत असतं. नोकरी सोडली की किल्ली द्यावी लागते. दोन दिवस मी स्वतःशी भांडले. मग अर्ज फाडला आणि मुलाला फोन केला. तो रागावला, माझ्या गुडघ्यांची आठवण करून देत राहिला. फोन ठेवल्यावर मी रडलेसुद्धा.

पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा पास होऊन सरिता ट्रंक घेऊन माझ्याकडे राहायला आली. शिकून इथेच राहीन, अशी देवापुढे शपथ घे, असा धोंडीबांनी आग्रह धरला. मी त्यांना थांबवलं. पोरीला दावं बांधून शिकवायचं नव्हतं मला.

परवा सकाळी सोनेरी उन्हात पुस्तक उघडून बसली असताना तिने मान खाली घालूनच विचारलं, "बाई, शिकून मी दुबईला गेले तर चालंल?"

वॉर्डातल्या त्या दोन रिकाम्या जागा डोळ्यांसमोर आल्या.

"गेलीस तर जा," मी म्हटलं. "पण अर्धवट शिकून कुठंच जायचं नाही."

ती हसली आणि पुन्हा वाचू लागली. मी गुडघ्याला पट्टा आवळून ड्यूटीवर निघाले. ती महाडला राहील की नाही, कुणी सांगावं. पण ती पास होईपर्यंत मी इथून हलणार नाही.