माणसं नसलेली नदी

सिकुझानी आमच्याच गावची. रुफिजी नदीतल्या सफारी आखायचं काम कॅम्पवाल्यांनी तिच्याकडे दिलं होतं. होडी कुठून सुटेल, पाणघोड्यांपासून किती लांब राहायचं, जेवायला कुठल्या वाळूवर उतरायचं, सगळं तीच ठरवायची. त्या मोसमातल्या पहिल्या पाहुण्यांनी कळवलं होतं, माणसाचा मागमूस नसलेली नदी हवी. पण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीअलीकडच्या रुंद पात्रात तिचाच सेफूमामा जाळं लावायचा.

ती त्याच्याकडे गेली. "मामा, पाहुणे जाईपर्यंत पलीकडच्या ओहोळात जाळं लावशील?"

"का गं? माझं थोबाड फोटोत मावत नाही?"

"तसं नाही. त्यांना नुसती जनावरं बघायचीत."

"मग शेपूट लावून बसतो की!"

ती हसली नाही. मामाचंही हसू ओसरलं. "बरं पोरी. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

त्या अरुंद ओहोळात पाणघोडे पडून असतात, म्हणून पाहुण्यांची होडी तिकडे न्यायची नाही, हे तिनंच ठरवलेलं होतं.

दुसऱ्याच सकाळी सिकुझानी पाहुण्यांसोबत होडीत होती. आरडाओरडा ऐकून नावाड्यानं होडी तिकडे वळवली. पाणघोड्यानं मामाची होडी उलथवली होती. मामा चिखलात पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं. पाहुण्यांनी जागा करून त्याला आडवं निजवलं. एका बाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "इतक्या धोक्याच्या जागी हा गेलाच कशाला?"

"काय माहीत," सिकुझानी म्हणाली.

नावाड्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मामाला इंग्रजी कळत नव्हतं, तेवढंच बरं.

दवाखान्यात मामा येईल त्याला सांगायचा, "म्हातारचळ लागला मला, दुसरं काय!" मामीनं आणलेली मक्याच्या पिठाची उगाली सिकुझानी थाळीत नुसती चिवडत होती. शेवटी ती म्हणाली, "मामी, मीच पाठवलं होतं त्याला तिकडे."

"गप गं," मामा म्हणाला.

मामीनं तिच्या पुढ्यातली थाळी उचलली आणि उरलेला घास मामाला भरवला.

सिकुझानीनं त्या पाहुण्यांनाही खरं सांगितलं. मग तिनं सफारीची आखणी बदलली. आता होड्या रुंद पात्रातून कोळ्यांच्या जाळ्यांना वळसा घालून हळू जातात. मामा लंगडत का होईना, पुन्हा तिथेच जाळं लावतो आणि तिला हात करतो. तीही करते, पण मान खाली घालून. मामी मात्र अजून तिला "जेवलीस का?" असं विचारत नाही.