मालकाची खोड

"आधी खोड सांगतो," असं म्हणून मामा किल्ली मुठीत दाबायचे आणि दाराला पाठ लावून उभे राहायचे. घर बघायला आलेल्या माणसानं कितीही घाई केली तरी खोड ऐकल्याशिवाय कुलूप उघडत नसे.

तुम्ही आमच्या शहरात भाड्यानं घर शोधलं असेल, तर दलाल नावाचा माणूस तुम्हाला ठाऊक आहे. दार उघडण्याआधीच तो हवा, उजेड आणि शेजाराचं कौतुक सुरू करतो आणि टोकन घेतल्यावर त्याचा फोन लागत नाही. मामा, म्हणजे सगळा गाव ज्यांना मामाच म्हणायचा ते, दलालच होते, पण त्यांचं सगळं उलट्या टोकानं चालायचं. एकदा एका नव्या जोडप्याला गारखेड्यात घर दाखवायला नेलं, तेव्हा मी सोबत होते. दारापुढं उभे राहून मामा म्हणाले, "खाली पिठाची गिरणी हाय. सुरू झाली की मांडणीवरची भांडी हलत्यात. मालकीण वर ऱ्हाती. मनानं लई चांगली, पण तुमच्या घरात फोडणी कशाची पडली ते तिला वर कळतं, आन ती खाली येऊन चुकलेलं सांगती बी."

नवरा हसला. बायको हसली नाही. "पाण्याचं काय?" तिनं विचारलं.

"औरंगाबाद म्हणा नायतर संभाजीनगर म्हणा, पाणी काय नाव ऐकून लवकर येत नाय. आठवड्यानं येतं. टाकी तेवढी मोठी हाय."

मग कुठं कुलूप उघडलं. त्या दोघांनी घर घेतलं. आजही ते तिथंच आहेत, आणि आता बायकोच मालकिणीला तिची फोडणी कुठं चुकली ते सांगते.

ही सवय मामांनी बैलांच्या बाजारातून आणली होती. ते लासूर स्टेशनचे. तरुणपणी वडिलांसोबत बाजार करायचे. तिथला रिवाज असा, की विकणाऱ्यानं जनावराची खोड आपल्या तोंडानं आधी सांगायची. हा पाण्यात बसतो, हा अनोळखी माणसाला शिंग लावतो, हा उजव्या अंगाला जुंपला तरच चालतो. खोड लपवून विकली, तर पुढच्या बाजाराला त्या माणसाच्या दावणीपाशी कुणी फिरकत नाही. "बैल काय, घर काय," मामा म्हणायचे, "रोज त्याच्यासंगंच ऱ्हायाचं असतंय."

मी पाचोडची. शिकायला शहरात आले तेव्हा खोली मामांनीच मिळवून दिली. माझे वडील गावोगाव पत्रकं वाटायचे. त्या गठ्ठ्यांवर बसूनच मी वाचायला शिकले, त्यामुळं चार ओळींत माणसाला जागं कसं करायचं ते आपल्याला येतं असा माझा समज होता. मामांचाही तसाच समज झाला. त्यांच्या पुण्याच्या मुलानं त्यांना घरांच्या एका मोठ्या साइटचं वर्षभराचं पॅकेज घेऊन दिलं होतं आणि तिथं मजकूर टाकायला कुणीतरी हवं होतं. कॉलेज सुटलं की मी दुकानात जाऊ लागले. दुकान म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर खिळेच खिळे. प्रत्येक खिळ्याला कुणाच्या तरी रिकाम्या घराची किल्ली.

पहिला मजकूर मामांनी सांगितला आणि मी टाकला. "दोन खोल्या. पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते. जिना अरुंद, मोठं कपाट वर जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी साइटवरून एका मुलीचा फोन आला. मामांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"सर, प्रॉपर्टीचं पॉझिटिव्ह लिहायचं असतं."

"म्हंजी खोटं?"

"खोटं नाही सर, चांगलं चांगलं."

"आन वाईट वाईट कोण लिहील?"

"ते कस्टमर व्हिजिटला आले की बघतील ना सर."

"बाई, तो रजा टाकून येईल, बायकोला घेऊन येईल, मग त्याला ओल दिसंल. त्याच्या रजेचं काय?"

मुलीनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "सर, मी पण भाड्यानंच राहते. आमच्या पण भिंतीला ओल आहे." मामांनी तिला भिंतीला काय लावायचं ते सांगितलं. फोन वीस मिनिटं चालला आणि साइटचा विषय त्यात पुन्हा निघाला नाही.

शेवटी मी गोड लिहू लागले. हवेशीर, प्रशस्त, शांत परिसर. फोन यायला लागले, पण कसले? एकच चौकशी साइट पाच-सहा दलालांना पाठवायची. मामा फोन करीपर्यंत समोरचा माणूस कावलेला असायचा. "अहो, तुम्ही सहावे," तो ओरडायचा. मामा शांतपणे म्हणायचे, "मग आता बसा, पाणी प्या. मी उद्या सातवा म्हणून करतो."

शेजारच्या चहावाल्याला हे सगळं तमाशासारखं वाटायचं. तो म्हणायचा, "जाहिरातीत साइट म्हणती दलाल नको. दलाल म्हणतो साइट नको. आन दोघं बी एकमेकाच्या जिवावर."

माझं आणि मामांचं यावरून रोज वाजायचं. मामांना घरं साइटवरून मिळत नव्हती. ती मिळायची न्हाव्याकडून, वायरमनकडून, टेम्पोवाल्याकडून. कुणाचा भाडेकरू बोचकं बांधतोय ते त्याच्या मालकाआधी टेम्पोवाल्याला कळतं. मग एवढी मोठी साइट हवी कशाला, असं मामांचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणायचे, "मामा, न्हावी आणि टेम्पोवाला तुम्हाला ओळखतात. ज्याला गावात कुणीच ओळखत नाही त्यानं काय करायचं? साइटवर कुणी विचारत नाही तू कुणाचा, तुझं आडनाव काय. भाडं, खोल्या, फोटो, बास. अशी जागा आपल्याकडं दुसरी कुठली आहे, सांगा."

मामा डोक्यावरची टोपी काढून परत घालायचे आणि म्हणायचे, "चहा सांग."

त्या वर्षी माझ्या ताईला शहरातल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. माझी खोली एकटीपुरतीच दिलेली, म्हणून तिचं पाचोडहून एसटीनं रोज येणं-जाणं, त्यात पाळ्या. रात्रपाळी संपली की ती स्टँडवर पहिल्या गाडीची वाट बघत बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची. दोनदा तिची गाडी हुकली. घर मिळालं नाही तर नोकरी सोडावी लागेल, असं तिनं आईला सांगितलेलं मी ऐकलं. आमच्या घरातली ती पहिली पगाराची नोकरी होती.

मग एक दिवस ताईनंच साइटवर एक घर शोधलं. दवाखान्यापासून चालत जाण्याएवढं. तिनं फोटो दाखवला आणि मी उडालेच. मजकूर माझाच होता, किल्ली मामांच्या खिळ्यावर होती. फाटकावरच्या पाटीवरून नंबर घेऊन मालकांशी ती फोनवर बोललीसुद्धा होती. नर्स म्हटल्यावर ते खूश झाले, रविवारी या म्हणाले. मी मामांपुढं फोन नाचवला. "बघा. विचारलं कुणी काही?"

मामांनी फोटो पाहिला. "ते नको," ते म्हणाले. "दुसरं बघू."

"का? खोड काय त्याला?"

"पाणी कमी हाय."

"बोअर आहे. मीच लिहिलंय."

मामांनी फोन माझ्या हातात परत दिला. रविवारी मात्र आमच्यासोबत आले. त्या दिवशी ते दाराला पाठ लावून उभे राहिले नाहीत. आमच्या मागं, फाटकापाशी थांबले.

मालक निवृत्त गृहस्थ, बोलायला अगदी मऊ. नोकरी कुठं, पाळी कधी, सोबत कोण राहणार, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "गाव पाचोड म्हणालात. पाचोडात कुठं?"

"स्टँडच्या मागं."

"मागं म्हणजे कोणत्या बाजूला? आमचे पाहुणे आहेत तिथं, म्हणून विचारलं."

हा प्रश्न तुम्हाला कधी कुणी विचारला नसेल, तर तुम्हाला तो पत्ता विचारल्यासारखा वाटेल. आम्हाला तो शेंबड्या वयापासून कळतो. ताईनं सरळ वस्तीचं नाव सांगितलं आणि न विचारलेलं आडनावही सांगितलं. मालकांचा चेहरा अजिबात बदलला नाही. ते म्हणाले, "बरं बरं. माझ्या पुतण्याचंही चाललंय घ्यायचं. मामांना कळवतो."

आम्ही रस्त्याला लागलो. मग ताई थांबली. "मामा, ही खोड माहीत होती तुम्हाला?"

"व्हय."

"ओल सांगता, गिरणी सांगता, बाईचं फोडणीचं सांगता. ही कामून नाय सांगितली?"

मामांनी टोपी काढली, पण परत घातली नाही. "असल्या घरांकडं तुमच्यातलं कुणी आलं तर मी नेतच नव्हतो, बाई. दुसरं दाखवायचो. उगा तोंडावर अपमान कशाला."

मी भडकले. जे बोलले ते आजही परत घेणार नाही. मी म्हणाले, "आमचा अपमान वाचवला, आणि त्याचं घर त्याला हवं तसं राखून दिलं. राखण कुणाची केली मग तुम्ही?"

ताईनं माझा दंड धरला. मामा म्हाताऱ्या माणसासारखे चालत होते. त्या क्षणापर्यंत ते म्हातारे आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाणार नव्हते. मामांचाच फोन आला. गेले, तर त्यांनी त्या घराचं पान उघडून ठेवलं होतं. एका बोटानं उघडलेलं, म्हणजे बराच वेळ लागला असणार. "लिही," ते म्हणाले. "आधी खोड सांगतो. घर चांगलं हाय. मालक आडनाव ऐकून घर देतो."

मी लिहिलं. एक शब्द गोड केला नाही.

दुपारनंतर साइटनं ते पान काढून टाकलं. नियमात बसत नाही, असा निरोप आला. त्याआधी कुणीतरी ते मालकांना दाखवलं होतं. ते दुकानात आले, तेव्हा मात्र बोलणं मऊ नव्हतं.

"माझी बदनामी करता?"

"खोटं असंल तर सांगा, खोडतो."

"घर माझं आहे. कुणाला द्यायचं ते मी ठरवीन."

"ठरवा की. मी कुठं ठरवतो? मी नुसती खोड सांगितली."

त्यांनी खिळ्यावरून आपली किल्ली ओढून घेतली. त्या महिन्यात आणखी बरेच जण येऊन किल्ल्या घेऊन गेले. कुणी कारण सांगितलं, कुणी पुतण्या काढला. चहावाला म्हणाला, "मामा, गावात पुतणे लई झाले एकदम." भिंतीवर नुसते खिळे दिसायला लागले. मला वाटलं होतं तेवढं ते बघायला सोपं नव्हतं. मामांचं पोट त्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि त्यांनी ते माझ्या देखत रिकामं केलं.

यापुढं नवा मालक आला की मामा किल्ली हातात घेण्याआधी विचारायचे, "कुणाला बी देणार ना? नायतर खिशातच ऱ्हाऊ द्या." पुष्कळ जण खिशातच ठेवून परत जायचे. काही थांबायचे. काहींना वाटायचं मामा चेष्टा करतात, आणि हसता हसता किल्ली टांगायचे. अशा मालकांना मामा दुसऱ्यांदा विचारायचे.

पॅकेज संपायला आलं तेव्हा त्या ओलीवाल्या मुलीचा फोन आला. "सर, रिन्यू करायचं ना?"

"बाई, तुमच्यात मालकाची खोड लिहायला रकाना हाय का?"

"नाही सर. तसा कॉलम नाही. ते वरून ठरतं."

"मग वर सांगा."

"सांगते सर," ती म्हणाली, आणि मला वाटतं तिनं खरंच सांगितलं असेल. ऐकलं कुणी नसेल. तरी मामांनी पॅकेज घेतलं, सगळ्यात लहान. मी चकित झाले. मीच आता साइटच्या विरोधात गेले होते. तिथं कुणी आडनाव विचारत नाही असं मी म्हणायचे. तिथं फक्त तो प्रश्न फाटकापर्यंत पुढं ढकललेला असतो, हे मला कळून चुकलं होतं.

मामा म्हणाले, "मला नाय लागत गं ती. मला न्हावी पुरतो. पण तुझी ताई तिथूनच आली ना माझ्या खिळ्यापातुर? उद्या अजून कुणाची ताई यील."

ताईला घर मिळालं ते टेम्पोवाल्याच्या सांगण्यावरून, पदमपुऱ्यात. खाली एकटी म्हातारी मालकीण. मामांनी तिला नेहमीचं विचारलं. ती म्हणाली, "मला काय नावाशी करायचंय. गुडघे चोळून देती का ते विचारा." ताई म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेतल्या तर देईन." तेवढ्यावर ठरलं. रात्रपाळी सुटली की ताई आता दहा मिनिटांत अंथरुणात असते.

मामा गेल्या हिवाळ्यात वारले. लेकीकडं, लासूरलाच. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मुलाकडून साइटवरचं खातं बंद करायचं राहून गेलं असावं, कारण मधूनच त्यांच्या नंबरवर चौकशा जात असतात, असं त्यानं सांगितलं. तो त्या लोकांना माझा नंबर देतो. मी न्हाव्याला विचारून सांगते.

मला मामा आठवतात ते ताईनं सामान हलवलं त्या दिवशीचे. आई पाचोडहून भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी बांधून घेऊन आली होती. किल्ली दिल्यावर मामा भाडेकरूच्या घरात कधी पाय ठेवायचे नाहीत. त्या दिवशी ताईनं त्यांना आत बोलावलं आणि ते आले. भांडी अजून पोत्यातच होती. आम्ही सगळे फरशीवर गोल बसून एकाच फडक्यावरच्या भाकऱ्या खात होतो. मामांनी आणखी एक मागून घेतली. मग आम्ही पडदे लावायच्या नादात होतो आणि ते दिसेनात. आतल्या खोलीत, आमच्या वळकटीवर डोकं टेकून, टोपी छातीवर ठेवून, मामा गाढ झोपले होते. तोंड उघडं, घोरणं चालू. त्या घरात सगळ्यात आधी झोपलेलं माणूस तेच.

ताई त्याच खोलीच्या खिडकीपाशी स्टुलावर चढून खिळा ठोकणार होती. आईनं तिच्या हातातून हातोडी काढून घेतली, खिडकीतून मामांच्या तोंडावर येणारं ऊन बघितलं, आणि खिडकीला लावायचा पडदा स्वतःच्या हातानं धरून तिथं उभी राहिली.